पाडलेल्या वास्तूची नोंद: आधी जागा, मग नाव, साल शेवटी

१५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा अर्ध्या सोलापुरानं ती मोबाइलवर पाहिली. चिमणी होती कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची. वर्षभरानं माझ्याकडं एक फॉरवर्ड आला. चिमणी तीच, धूळ तीच, खाली ओळ मात्र ‘सोलापूरच्या कापडगिरणीचा शेवट’. डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीची ही गत, तर साठ वर्षांपूर्वी पडलेल्या धर्मशाळेबद्दल बोलायलाच नको.

जुन्या वास्तूंची माहिती गोळा करणारे बहुतेकजण उलट्या क्रमानं जातात. फोटो मिळाला की आधी साल ठरवतात, मग वास्तूला नाव देतात. ती नेमकी कुठं उभी होती असं विचारलं की उत्तर येतं, “तिथंच की, बाळीवेशीकडं.” साल चुकलं तर पुढं कुणीही दुरुस्त करू शकतं, पण जागा चुकली की त्यावर रचलेलं सगळंच वाया जातं. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम मोडू नका. वाडा, वेस, टॉकीज, गिरणी, आड, घाट, स्टेशन, काहीही असो, रविवारी-रविवारी काम केलं तर एका वास्तूला अडीच-तीन महिने लागतात.

## १. तयारी

एकच वास्तू घ्या. ‘सोलापुरातल्या हरवलेल्या सगळ्या वेशी’ असा विषय घेणारा माणूस दुसऱ्या वेशीपर्यंत पोचत नाही.

शंभर पानी वही, शिसपेन्सिल, तीस मीटरचा टेप आणि जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारा मोबाइल एवढं सामान पुरतं. शाईपेन नको, उन्हात घामानं आणि घाटावर पाण्यानं फिसकटतं. वहीच्या प्रत्येक पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने करा: ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘वाचलं’. कुठलीही गोष्ट लिहिताना ती यातल्या कुठल्या रकान्यात जाते हे त्याच क्षणी ठरवा. घरी जाऊन ठरवू म्हणाल तर आठवड्यानं ऐकलेलं पाहिल्यासारखं वाटायला लागतं. माझी पहिली वही एकरकानी होती, ती आज मलाच निरुपयोगी आहे.

वास्तू कुठल्या तालुक्यात होती आणि तिथं तेव्हा राज्य कुणाचं होतं, हेही आताच बघून ठेवा. अक्कलकोट १९४८ पर्यंत वेगळं संस्थान होतं, मंगळवेढा सांगली संस्थानात होतं. तिथले जुने कागद सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत सापडतीलच असं धरून चाललात तर दोन महिने हेलपाटे घालाल.

तपासणी: ‘मी कशाची नोंद करतोय’ हे एका वाक्यात सांगता येतंय का? ‘आमच्या पेठेतली कोपऱ्यावरची टॉकीज’ चालेल, ‘पेठेचा इतिहास’ चालणार नाही.

## २. जागा पक्की करा

सोलापुरात तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी रोज असतात. वेशी गेल्या आणि नावं राहिली. पण नाव एका बिंदूवर थांबत नाही, भोवती पसरतं. आज ‘बाळीवेस’ म्हणजे अख्खा परिसर, दरवाजा मात्र कुठल्यातरी दहा-पंधरा फुटांत उभा असणार. ते दहा-पंधरा फूट शोधणं हे या टप्प्याचं काम.

सकाळी लवकर जा, दुकानांची शटरं उघडायच्या आत. शटर खाली असताना भिंती दिसतात. मग हे शोधा:

शेजारच्या घराची सामाईक भिंत. वाडा पाडला तरी शेजाऱ्याची भिंत पाडता येत नाही. तिच्यावर तुळईची भोकं, अर्धवट जिना, चुन्याचा गिलावा किंवा आता उघड्यावर आलेल्या देवळ्या दिसतात. भोकांची रांग किती उंचीवर आहे ते मोजा. ती पहिल्या मजल्याची पातळी.

जोतं. नवी इमारत पुष्कळदा जुन्या जोत्यावरच चढवतात. खालचे दोन थर घडीव काळ्या दगडाचे आणि वर सिमेंटच्या विटा असं दिसलं तर थांबून फोटो घ्या. रस्त्याची पातळी मधल्या काळात डांबराचे थर चढून वर आलेली असते, त्यामुळं जोतं बुटकं दिसलं तरी फसू नका.

रस्त्याचं विनाकारण वळण. सरळ जाणारी गल्ली मध्येच फूटभर आत वळते तिथं कधीकाळी काहीतरी होतं. पार, आड, बुरूज, काहीही असेल. अजून लिहू नका, फक्त खूण करा.

यानंतर आजही जागच्या जागी असलेल्या दोन खुणा निवडा. देऊळ, दर्गा, दगडी पूल चालेल. झाड शक्यतो नको, चौकातला पुतळा तर नकोच, पुतळे हलवले जातात. दोन्ही खुणांपासून तुमच्या जागेचं अंतर टेपनं मोजा. नुसत्या मोबाइलवर विसंबू नका, दाटीच्या पेठेत तो दहा-पंधरा मीटर सहज इकडंतिकडं दाखवतो, आणि दहा मीटरमध्ये घर बदलतं.

सावधान: पडक्या भिंतीला टेकून मोजमाप करू नका. ऑक्टोबर २०२० च्या पावसात पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जण गेले. पावसानंतर निदान पंधरा दिवस जुन्या बांधकामाखाली उभं राहू नये.

## ३. सगळी नावं गोळा करा

सोलापुरात हे काम इतर शहरांपेक्षा अवघड आहे, कारण इथं एका जागेला चार भाषांत चार नावं असू शकतात. पूर्व भागातली पद्मशाली आजी तेलुगूत एक म्हणेल, लिंगायत शेजारी कन्नडमध्ये दुसरं, मोहल्ल्यातले चाचा उर्दूत तिसरं, आणि मराठी पत्त्यावर चौथंच छापलेलं असेल. चारही लिहा, बोलल्यासारखी लिहा. ‘अधिकृत’ नाव ठरवायची घाई नको. नावातच कधीकधी वापर लपलेला असतो. एका भाषेत ‘मोठं घर’ आणि दुसऱ्या भाषेत ‘सुताची वखार’ असेल तर दुसऱ्या नावानं तुमचं अर्धं काम केलं.

पंढरपुरात गोंधळ वेगळ्या प्रकारचा. घाटाचं नाव कधी बांधणाऱ्या घराण्यावरून, कधी वापरणाऱ्या जातीवरून, कधी समोरच्या मठावरून पडतं. एकाच पायऱ्यांना दोन नावं आणि एका नावाचे दोन तुकडे, असंही होतं. म्हणून घाटाचं नाव लिहिताना ‘वर कोण राहतं, खाली काय दिसतं’ हेही लिहा.

इंग्रजी कागदांसाठी स्पेलिंगची यादी करून ठेवा. जुन्या कागदांत ‘सोलापूर’ शोधून काही मिळत नाही, तिथं ‘शोलापूर’ आहे. पेठांची नावं तर कारकुनाच्या कानावर.

## ४. माणसं, आणि फोटो खिशातच

कागद दहा वर्षांनीही तिथंच असेल, माणूस नसेल. म्हणून कचेरीच्या आधी ओसरी.

आता माझी चूक सांगतो. एका वाड्याचा फोटो मला मिळाला होता. पेठेतल्या सगळ्यात वयस्कर आजोबांकडं गेलो आणि बसल्या बसल्या फोटो पुढं केला. आजोबा खूश. बुरूज डाव्या हाताला, आड उजव्या हाताला, सगळं घडाघडा सांगितलं. मी तसंच लिहिलं. तीन महिन्यांनी लक्षात आलं की फोटोतल्या सगळ्या माणसांच्या सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर आहे. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला फोटो होता तो. आजोबा आठवण सांगत नव्हते, फोटो वाचून दाखवत होते. त्यांचा काही दोष नाही, मी त्यांना दुसरं काही करायला जागाच ठेवली नव्हती.

तेव्हापासून क्रम ठरलेला. आधी गप्पा. मग कोरा कागद आणि पेन्सिल त्यांच्या हातात, “दारातून आत गेलं की काय लागायचं?” काढता येत नसेल तर मी काढतो आणि ते चुका काढतात. चुका काढायला सगळ्यांना आवडतं. फोटो अगदी शेवटी, चहा झाल्यावर.

कुणाला विचारायचं? लोक पहिल्यांदा पेठेतल्या प्रतिष्ठित माणसाकडं जातात आणि तिथं वास्तूपेक्षा घराण्याचीच कथा जास्त मिळते. मला उपयोगी पडले ते निवृत्त पोस्टमन, मीटर वाचणारे, गिरणीत पाळीला जाणारे कामगार. आणि बायका. लग्न होऊन पेठेत आलेल्या बाईनं पहिल्या दिवसापासून पाण्याची वाट पाठ केलेली असते. आड कुठं होता, किती पायऱ्या होत्या, कुठल्या दारातून जाऊ देत नसत, हे ती झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पुरुषांना दुकानं आणि टॉकीज आठवतात.

साल कधीही थेट विचारू नका. “कधी पाडलं?” म्हटलं की “झाली असतील पन्नास वर्षं” हेच उत्तर येतं, आणि ते ‘पन्नास’ म्हणजे तीस ते ऐंशीतलं काहीही असतं. त्याऐवजी आयुष्यातल्या खुणांना बांधा. तुमचं लग्न तिथनं झालं का? थोरला शाळेत जात होता का? मग ती खूण सगळ्यांना माहीत असलेल्या घटनेशी जोडा: डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, आणीबाणी, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. किल्लारीच्या पहाटे आपण कुठं होतो हे सोलापुरातला चाळिशीपुढचा कुणीही सांगतो. “तेव्हा तो वाडा उभा होता का?” या एका प्रश्नानं मला दोनदा दशक मिळालं आहे.

एक खूण मात्र वापरू नका: मार्शल लॉ. मे १९३० मधला तो लष्करी कायदा शहराच्या आठवणीत इतका खोल बसला आहे की कुठलीही पडकी भिंत दाखवा, एक जण तरी “मार्शल लॉच्या वेळची” म्हणतोच. तो अनुभव घेतलेलं माणूस आता भेटणं जवळजवळ अशक्य. जे मिळतं ते आजोबांकडून नातवाकडं आलेलं. ते लिहा, पण ‘ऐकलं’च्या रकान्यात.

सावधान: पुष्कळ वाड्यांचे वाटणीचे दावे कोर्टात आहेत. तुम्ही बिल्डरचे किंवा घरपट्टीवाले नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट करा. ओळखीच्या माणसाला सोबत न्या. मालकी कुणाची, हा प्रश्न विचारू नका आणि कुणी सांगितलं तरी लिहू नका.

तपासणी: किमान तीन माणसं, तीन वेगळ्या घरांतली. एका घरातले दोघे भाऊ हा एकच साक्षीदार धरा.

## ५. कागद: पाडण्यासाठी तयार झालेला कागद आधी

नवखे लोक इथं थेट पुण्याच्या पुराभिलेखागारात जायची स्वप्नं बघतात. पेशवे दफ्तर, मोडी, सगळं भारी वाटतं. वास्तू पेशवाईतली असल्याचा काही पुरावा हातात असेल आणि मोडी वाचणारा माणूस सोबत असेल तरच तिकडं जा. नाहीतर आधी जवळचे कागद.

जवळच्या कागदांत मी ज्याला पहिला मान देतो त्याच्याकडं फारसं कुणी जात नाही. रस्ता रुंदीकरण, धरण किंवा सरकारी इमारतीसाठी जागा घेतली असेल तर भूसंपादनाचा निवाडा झालेला असतो. मोबदला द्यायचा म्हणून घराचं मोजमाप केलेलं असतं: किती खण (दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण), भिंती दगडी की मातीच्या, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर) की पत्रा, लाकूड कसलं, आड आहे का. घर उभं असताना ज्याचं कुणी वर्णन लिहिलं नाही, त्याचं पाडताना सरकारनं लिहिलं. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी तर याच्याइतका तपशील दुसरीकडं मिळणं कठीण. कलेक्टर कचेरीतल्या भूसंपादन आणि पुनर्वसन शाखेत विचारा.

त्यानंतर नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. इथं दोन चुका हमखास होतात.

पहिली म्हणजे तीन नंबरांची गल्लत. सिटी सर्व्हे नंबर वेगळा, नगरपालिकेचा घर नंबर वेगळा आणि जमिनीचा सर्व्हे नंबर वेगळा. आणि घर नंबर मधल्या काळात बदललेले असतात. वहीत नुसतं ‘नं. ४१२’ असं कधीही लिहू नका, कुठला नंबर ते आधी लिहा. गावठाणातल्या घराचा सातबारा मागत बसू नका, तो नसतो. खेडं असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मिळकत पत्रिकेवरची सगळ्यात जुनी तारीख म्हणजे वास्तू बांधल्याची तारीख, असं लोक धरून चालतात. ती बहुतेक वेळा भूमापनाच्या चौकशीची किंवा पहिल्या नोंदीची असते. वाडा त्याआधी शंभर वर्षं उभा असेल. त्या तारखेवरून एवढंच म्हणता येतं की तेव्हा तिथं ही मिळकत होती. वास्तूचं वर्णन हवं असेल तर घरपट्टीची करआकारणी नोंदवही बघा, तिच्यात छप्पर कसलं हे असू शकतं. एका वर्षी ‘माळवद’ आणि पुढच्या आकारणीत ‘आरसीसी’ दिसलं की मधल्या काळात जुनी वास्तू गेली.

कचेरीत दाद लागत नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. लोक ‘अमुक वाड्याचा इतिहास द्यावा’ असा अर्ज करतात आणि तो परत येतो, बरोबरच आहे. इतिहास ही माहिती नव्हे, कागद ही माहिती. अर्ज असा करा: “सि. स. नं. अमुक या मिळकतीच्या अमुक ते अमुक या वर्षांतील करआकारणी नोंदवहीतील नोंदींचे अवलोकन करू द्यावे व निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात.” अवलोकन आधी मागा. पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत आणि पन्नास निरुपयोगी पानांच्या झेरॉक्सचे पैसे वाचतात.

गिरण्यांची गोष्ट वेगळी. कामगारांच्या आठवणी भरपूर, पण बंद कधी आणि कशी पडली यावर दहा मतं. अशा वेळी कोर्टाचे निकाल काढून वाचा. शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. ती ताब्यात घेण्यासाठी केंद्र सरकारनं आधी अध्यादेश आणि मग १९५० मध्ये या एकाच कंपनीसाठी कायदा केला. एका भागधारकानं त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९५० मध्ये चिरंजितलाल चौधरी खटल्यात निकाल दिला. कायद्याचे विद्यार्थी तो समानतेच्या तत्त्वासाठी वाचतात, आपण तारखांसाठी वाचायचा. निकालाच्या सुरुवातीला घटनाक्रम दिलेला असतो, तेवढा पुरतो.

गॅझेटियर, म्हणजे सरकारनं काढलेले जिल्ह्याचे माहितीग्रंथ, दोन आहेत: मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १८८४ चा विसावा खंड आणि राज्य सरकारनं १९७७ मध्ये काढलेला. वास्तू १८८४ च्या यादीत आहे आणि १९७७ च्या यादीत नाही, एवढं कळलं तरी मोठी चौकट मिळते. पण गॅझेटियरमधल्या दंतकथा छापील आहेत म्हणून ‘वाचलं’च्या रकान्यात पक्क्या होत नाहीत. साहेबानंही त्या कुणाकडून तरी ऐकल्याच होत्या.

तपासणी: शिलालेखावरचं किंवा मोडी कागदावरचं साल तसंच ईसवी समजू नका. जुन्या कालगणनांतून ईसवी साल काढायला शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९. वर्षाची सुरुवात वेगवेगळी असल्यानं एखादं वर्ष पुढंमागं होतं. शकासोबत संवत्सराचं नाव असेल तर पंचांगाच्या कोष्टकाशी जुळवा, न जुळल्यास आकडा वाचायला चुकला आहात.

## ६. नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत सोलापूर शहर ४७ ओ/१४ आणि पंढरपूर ४७ ओ/६ या पत्रकांवर येतं. जुनी पत्रकं एक इंचाला एक मैल, नंतरची पन्नास हजारास एक. एवढ्या प्रमाणात एकटा वाडा दिसत नाही, म्हणून त्यांच्याकडून भलती अपेक्षा नको. पण तलाव, गिरणी, दर्गा, पूल आणि रेल्वेमार्ग दिसतात.

रेल्वेवरून आठवलं. बार्शी लाईटच्या खुणा शोधणाऱ्याला नकाशाइतका चांगला मित्र नाही. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये सुरू झालेली ती अडीच फुटी गाडी पुढं पंढरपूरपर्यंत गेली. रूळ रुंद झाले तेव्हा काही ठिकाणी मार्गही हलला. जुना मार्ग आजच्या उपग्रह चित्रावर ठेवला की शेतातून जाणारा एखादा विनाकारण सरळ बांध डोळ्यांत भरतो. त्यावरून चालत जा. मोरी, म्हणजे रुळाखालून पाणी जायचा छोटा पूल, सापडली तर तुमची जागा पक्की.

उपग्रह चित्रांत मागं जायची सोय आहे, पण आपल्याकडं ती साधारण २००० नंतरचीच. त्याआधी पडलेल्या वास्तूसाठी तिथं वेळ घालवू नका.

## ७. नदीकाठची आणि पाण्याखालची वास्तू

चंद्रभागेच्या घाटावर मोजमाप करायचं तर मे महिना बरा. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्रीच्या आसपास जाऊ नका. टेप पसरायला जागा नसते आणि वारकऱ्यांच्या वाटेत बसणं बरंही दिसत नाही. पायऱ्या मोजताना तारीख आणि पाणी कुठल्या पायरीला होतं हे लिहाच. गाळानं खालच्या पायऱ्या झाकतात, पुरानं उघड्या पडतात, म्हणून दोन वर्षांच्या मोजणीत फरक येतो. मग ‘चार पायऱ्या चोरीला गेल्या’ अशा बातम्या होतात. मोजणी वरून खाली करा, वरची पायरी कायम असते. पात्रातलं पुंडलिकाचं देऊळ ही अचल खूण धरा. आदल्या दिवशी उजनीतून पाणी सोडलंय का हे बघून घ्या.

उजनीच्या पोटातल्या वास्तूंचं गणित पाण्यावर आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून इथं पाणी ‘मायनस’मध्ये जातं, आणि ते चांगलं मायनसमध्ये गेल्याशिवाय बाहेर काही येत नाही. करमाळा तालुक्यातल्या कुगावचा इनामदार वाडा किंवा पलीकडं इंदापूरच्या हद्दीतलं पळसदेवचं पळसनाथ मंदिर बघायचं तर एप्रिल-मेमध्ये रोजची टक्केवारी बघत राहा. एक पाऊस पडला की खिडकी बंद.

तिथं गेल्यावर लोक नक्षीचे फोटो काढतात आणि परत येतात. तुम्ही आधी रेषा काढा. जोत्यांच्या रांगा कुठल्या दिशेला जातात, वेस कुठं, चावडी कुठं. वस्ती अजून जमिनीवर आखलेली असते. गाळाखालून एकही दगड उचलून आणू नका. दगड जागेवरून हलला की त्याची साक्ष संपली.

सावधान: कोरड्या दिसणाऱ्या गाळाची वरची पापडी फसवी असते, स्थानिक माणसाशिवाय उतरू नका. होडीनं जायचं असेल तर लाईफ जॅकेट असल्याशिवाय बसू नका, आणि ढग दिसले तर बसूच नका. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी वादळात उलटून सहा जण बुडाले.

## ८. फोटोचं वय

आता फोटो बाहेर काढा. आधी तो उलटा छापलेला नाही ना ते बघा: पाट्यांची अक्षरं, नाहीतर सदऱ्याचा खिसा. मग कडेच्या गोष्टी वाचा, मधली वास्तू नव्हे.

पाटीवर भाव आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. ‘सोलापूर नगरपालिका’ असेल तर १ मे १९६४ च्या आधीचा, कारण त्या दिवसापासून महानगरपालिका झाली. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचा. गाडीवर एमएच १३ असेल तर नव्वदच्या आसपासचा किंवा अलीकडचा. पाट्या उतरवायला दुकानदार आळस करतात, त्यामुळं ‘आधीचा’ सांगणाऱ्या खुणेवर जरा कमी आणि ‘नंतरचा’ सांगणाऱ्या खुणेवर पूर्ण विश्वास ठेवा.

चांगले फोटो लग्नाच्या अल्बममध्ये मिळतात. वरात वेशीतून गेली, फोटोग्राफरनं नवरदेव टिपला, मागं वेस आपोआप आली. आणि लग्नाची तारीख पत्रिकेवर छापलेली असते.

## ९. ताळा

एक मोठा कागद घ्या. डावीकडं एकेक विधान लिहा, उजवीकडं त्याला कुठल्या रकान्यातून आधार आहे ते. प्रत्येक विधानापुढं तीनपैकी एक शेरा: पक्कं, बहुतेक, ऐकीव. वेगवेगळ्या दोन रकान्यांतून आधार असल्याशिवाय ‘पक्कं’ लिहायचं नाही. एका स्मरणिकेतून दुसऱ्या स्मरणिकेनं उतरवलेलं असेल तर तो एकच आधार. शब्द न् शब्द जुळत असतील तर शंका घ्या. स्वतंत्रपणे लिहिणारी दोन माणसं एकच विशेषण वापरत नाहीत.

माणसं आणि कागद भांडले तर? ‘कागद खरा’ असं डोळे झाकून म्हणू नका. नोंदवहीत इमारत पाडल्याची नोंद उशिरा चढते, घरपट्टी वाचवायला कधी मुद्दाम चढवतच नाहीत. एका आडाच्या बाबतीत कागदावर तो होता आणि तीन बायका सांगत होत्या की बुजवून दहा वर्षं झाली होती. दोन्ही लिहिलं. पुढं त्या जागेवरच्या जिन्याच्या पायरीत कोरलेलं साल सापडलं आणि बायका बरोबर निघाल्या.

साल एकच द्यायचा अट्टहास सोडा. ‘१९६७ नंतर आणि १९७२ च्या आधी पाडली’ हे वाक्य ‘१९७० साली पाडली’ यापेक्षा खरं आहे.

## १०. लिहिणं आणि ठेवणं

नोंद दोन पानांची पुरे. सगळ्यात वर जागा: दोन खुणांपासूनची अंतरं, अक्षांश-रेखांश, आज तिथं काय आहे. मग सगळी नावं. मग वास्तू कशी होती, ती खणांत आणि फुटांत. मग तिथं काय चालायचं, कशी गेली, काय उरलं. साल या सगळ्यांत शेवटी, शेऱ्यासह. ‘भव्य’, ‘प्राचीन’, ‘ऐतिहासिक’ हे शब्द खोडून टाका. ते काढल्यावर वाक्यात काही उरत नसेल तर वाक्यच खोडा.

काय उरलं हे लिहिताना दारं-खिडक्यांची विचारपूस विसरू नका. वाडा पाडला की लाकूड विकलं जातं. नक्षीची चौकट दोन गल्ल्या पलीकडं एखाद्या पिठाच्या गिरणीला लागलेली असते, आणि मालकाला ती कुठून आली हे पक्कं माहीत असतं.

ज्यांनी माहिती दिली त्यांना मसुदा वाचून दाखवा, छापायच्या आधी. नाव घालायचं की नाही हे त्यांना विचारा. मग चार प्रती काढा: एक त्यांच्या घरी, एक जवळच्या वाचनालयात (शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयाकडं विचारा), एक तुमच्याकडं, एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडं. फोटोंच्या फाइलींना ‘आयएमजी’ आणि आकडा असलं नाव ठेवू नका. जागा, विषय, तारीख, एवढं नावातच घाला.

वाचनालयातल्या प्रतीला शेवटी चार कोरी पानं जोडा आणि वर ‘दुरुस्ती इथं लिहा’ असं मोठ्या अक्षरात लिहून दोऱ्यानं पेन्सिल बांधा. सहा महिन्यांनी जाऊन बघा. माझ्या एका प्रतीत कुणीतरी तीनच शब्द लिहिले होते, ‘आड दुसऱ्या बाजूला’. मी टेप घेऊन पुन्हा गेलो. आड खरंच दुसऱ्या बाजूला होता.